काळी, पांढरी आणि मधला खड्डा

माझे आजोळ ढोकीचे. शेत स्टेशनाच्या अंगाला. सातवी-आठवीत असताना, मे महिन्यात, विहिरीवरच्या खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातून निसटला आणि रानातल्या भेगेत गेला. मामाने तुराटी आत घालून पाहिली. छातीइतकी तुराटी पुरी आत गेली, टेकली कुठेच नाही. मामा रागावला नाही. "गेल्या त्या. आता जमीन मिटंल, मग तिच्या पोटात," एवढे बोलून त्याने कुलपावर दगड घातला. जूनमध्ये दोन दमदार पाऊस झाले आणि भेग नेमकी कुठे होती तेही ओळखू येईना.

वीसेक वर्षांनी त्याच रानाच्या कडेला मामाने सिमेंटचे घर बांधले. पहिले वर्ष कौतुकात गेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघाल्या, जोत्याचा एक कोपरा बोटभर उचलला गेला, आणि स्वयंपाकघराचे दार पावसाळ्यात अडकायचे आणि उन्हाळ्यात आपले आपण सुटायचे. मामाने मिस्त्रीला बोल लावला, मिस्त्रीने सिमेंटला, मामीने दक्षिणेकडच्या दाराला. किल्ल्यांची आठवण कोणालाच झाली नाही. मला झाली तीही फार उशिरा, हे पुस्तक लिहायला घेतल्यावर. जी जमीन उन्हाळ्यात तुराटी गिळते आणि मृगात तोंड मिटून घेते, ती डोक्यावर घर घेऊन गप्प बसेल अशी आमची अपेक्षा होती.

मातीवरची बरीच मराठी पुस्तके खतांपाशी सुरू होतात आणि खतांपाशीच संपतात. या पुस्तकात खतांचे एकच प्रकरण आहे आणि तेही छोटे. माझा विषय निर्णयांचा आहे. कोणत्या तुकड्यात काय पेरायचे, आंबा कुठे लावायचा, गाळ कुठे टाकायचा, घर कुठे बांधायचे आणि कुठे मुळीच बांधायचे नाही. हे निर्णय आपण आज बाजारभाव पाहून, शेजाऱ्याचे पाहून किंवा रस्त्याला लागून किती फूट मिळतात ते पाहून घेतो. जमिनीला विचारायचे ते शेवटी, बहुधा चिरा पडल्यावर.

आपल्या भाषेला मात्र यातले निम्मे आधीच ठाऊक होते. गावची शेतजमीन ती काळी आणि गावठाण ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्र्यांचे 'गावगाडा' 1915 साली निघाले. त्यात काळी आणि पांढरी हे शब्द गावच्या कारभाराचे दोन भाग म्हणून सहज येतात, जणू याहून वेगळी वाटणी असूच शकत नाही. काळीत पेरायचे, पांढरीत राहायचे. आजच्या भाषेत याला भूमी उपयोग नियोजन म्हणतात आणि त्यासाठी नागपूरला 1976 पासून एक राष्ट्रीय ब्युरो आहे. त्या ब्युरोचे काम मोलाचेच आहे. पण आमच्या आजीला गावठाणाबाहेरच्या काळ्या रानात घर बांधणाऱ्याची कीव का येत असे, याचे उत्तर त्या दोन रंगांत होते.

पांढरीचा पांढरेपणा थोडा जागेचा आणि पुष्कळसा माणसांचा. जुने गाव शक्यतो उंचवट्यावर, नदीच्या जवळ पण पुराच्या वर, जिथे खाली मुरूम किंवा चुनखडी लवकर लागते अशा जागी बसे. मग पिढ्यान्‌पिढ्या चुलीतली राख, जनावरांच्या गोठ्यातली घाण, पडलेल्या भिंतींची माती, चुना, हाडे, खापरे यांचे थर साठत जात. अशी माती फुगत नाही आणि फाटत नाही. ढोकीला ही गोष्ट पाहायला लांब जावे लागत नाही. शेजारीच तेर आहे, आणि संतचरित्रांत तर दोन्ही गावांचा मिळून एकच उच्चार होतो, तेरढोकी. तेरचे जुने नाव तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे, तिथून जाडेभरडे आणि तलम कापड गाड्यांवर घालून भडोचला जाते, अशी नोंद आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी तेरणेच्या काठी पांढरी एवढी मोठी होती की तिचे नाव समुद्रापार गेले, आणि तिचा माल कापसाचा होता. कापूस आला कुठून, हे काळीकडे पाहिले की कळते.

तेरची ती टेकाडे आजही पांढरट दिसतात. 1958 पासून तिथे अनेकदा उत्खनने झाली, आणि त्याआधी आणि नंतरही मणी, नाणी, मातीच्या मूर्ती गावकऱ्यांच्या फावड्याला लागत राहिल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्यांच्या नावाचे संग्रहालय तेरला आहे. बाहेरून येणारे लोक तिथल्या मूर्ती पाहतात. माझी नजर त्यांना चिकटलेल्या मातीवर जाते, हा माझा दोष.

आता काळीकडे येऊ.

दख्खनचे पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. तो बेसाल्ट झिजून जी चिकणमाती झाली ती स्मेक्टाइट गटातली. तिचे कण वहीच्या पानांसारखे थरावर थर असतात, आणि पाणी या पानांच्या मधे शिरते. पाणी शिरले की वही जाड होते, पाणी गेले की पातळ. अशी साठ टक्क्यांपर्यंत चिकणमाती असलेली जमीन म्हणजे आपली भारी काळी. तिचे रेगूर हे पुस्तकी नाव तेलुगूतल्या 'रेगडि'वरून आलेले. जगाच्या वर्गवारीत तिला व्हर्टिसोल म्हणतात. लॅटिनमध्ये 'व्हर्टो' म्हणजे वळणे, उलटणे. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसात खालची फुगते, जागा नसते म्हणून वर रेटली जाते, आणि अशी ही जमीन नांगर नसतानाही स्वतःला हळूहळू उलटत राहते. सुदानच्या गेझिरात, अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये हिच्या बहिणी आहेत. तिथेही कापूस पिकतो, आणि तिथेही घरांना चिरा जातात.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. काळा रंग पाहून जमीन सेंद्रिय पदार्थांनी श्रीमंत आहे असे आपण धरून चालतो. रशियातल्या काळ्या चेर्नोझेममध्ये ते खरे आहे. आपल्याकडे नाही. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब अनेकदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, नत्र आणि स्फुरद कमी, जस्त कमी. पालाश आणि चुना मात्र भरपूर. हिची खरी श्रीमंती पाणी धरून ठेवण्यात आहे, आणि ती रंगावर नाही, खोलीवर ठरते.

खोलीचे गणित एकदा करून पाहण्यासारखे आहे. आपली काळी माती दर सेंटिमीटर खोलीला साधारण दीड ते पावणेदोन मिलिमीटर पाणी पिकाला वापरता येईल अशा रीतीने धरते. म्हणजे 90 सेंटिमीटर खोल रानात दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाणी साठते, आणि 30 सेंटिमीटरच्या माळरानात जेमतेम पन्नास. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. तेव्हा खोल रानाचा एक हेक्टर पंधरा लाख लिटर पाणी पोटात घेऊन दसऱ्याला उभा असतो. वरून थेंब पडला नाही तरी त्याच्या जिवावर ज्वारी निघते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, तिला जलदूत म्हणत. पहिल्या फेरीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणी आणि पंचवीस लाख लिटर झाले. ती गाडी कुर्डुवाडीहून लातूरला जाताना ढोकी स्टेशनावरूनच जाई. रुळांच्या दोन्ही बाजूंना जी रिकामी, भेगाळलेली राने होती, त्यांतल्या एकेका चांगल्या हेक्टरची साठवणक्षमता त्या पूर्ण गाडीच्या निम्म्याहून जास्त होती. दोन वर्षे पाऊसच नीट न झाल्याने ती टाकी रिकामी होती, एवढेच.

म्हणून कोणते पीक, हा प्रश्न आमच्याकडे मुळात किती खोल, हाच प्रश्न आहे. वार्षिक पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटर, तो येडशीच्या माळावर आणि तेरणेच्या काठावर जवळपास सारखाच पडतो. माळावर तो मुरमातून निघून जातो किंवा वाहून जातो. काठावर तो साठतो. आजोबांच्या काळी भारी रान खरिपात मोकळे ठेवत. आता याला आळस किंवा मागासलेपण म्हणणारे भेटतात. कारण वेगळे होते. पावसाळ्यात या जमिनीत औत घालता येत नाही. तिला वापसा फार थोडा वेळ असतो: काल चिखल, परवा ढेकूळ, मधला एखादा दिवस कामाचा. वापसा म्हणजे ओल आणि हवा यांचा असा मेळ की माती पायाला चिकटत नाही आणि मुठीत फुटते. हा एक शब्द अख्खी शेतीपद्धती पेलतो. खरिपात वापसा हुकला की तणांपुढे हार, म्हणून पाऊस जमिनीत भरू द्यायचा, पाळ्या घालून तण मारायचे, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून रब्बी पेरायची. ज्वारी वाढत असताना भेगा पडायला लागल्या की कोळपणी करायची, म्हणजे भेग बुजते आणि खालची ओल उडत नाही. कोळप्याचे खरे काम तण काढणे की भेग बुजवणे, यावर मामा आणि त्याचा सालगडी तासभर वाद घालू शकत.

विद्यापीठांनी पुढे हीच गोष्ट वाणांच्या नावांनी सांगितली. मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी 35-1 बहुतेक सगळ्यांना माहीत. नंतर राहुरीच्या विद्यापीठाने हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा अशी वाटणी केली. दुकानात मात्र मी खोली विचारणारा दुकानदार अजून पाहिला नाही. पिशवीवर लिहिलेले असते, पण ती ओळ वाचायला चष्मा लागतो.

सोयाबीनने हा सगळा हिशेब उलटा केला. 1990 नंतर लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात ते असे पसरले की भारी रानही जूनमध्ये हिरवे होऊ लागले. पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या वर्षी सप्टेंबर धो धो कोसळतो त्या वर्षी काळ्या रानात गुडघाभर पाणी आणि त्यात सोयाबीनच्या शेंगांना कोंब, हे दृश्य ठरलेले. भारी जमीन एकदा भरली, भेगा मिटल्या, की तिच्यात पाणी तासाला काही मिलिमीटरच्या वर मुरत नाही. त्यावर उपाय आहे: हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने सत्तरच्या दशकापासून काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत बसवली, आणि आता बीबीएफ या नावाने तिचे पेरणीयंत्र आपल्याकडे मिळते. वरंब्यावर पीक, सरीतून जादा पाणी बाहेर. मुरमाड रानात हीच पद्धत तितकी फळत नाही. यंत्राला हे माहीत नसते. भाड्याने यंत्र आणणाऱ्याला माहीत हवे.

उसाबद्दल थोडक्यात. ढोकीचा तेरणा सहकारी साखर कारखाना मराठवाड्यातल्या जुन्या कारखान्यांपैकी. तो चालला, बंद पडला, पुन्हा धुराडे पेटले, आणि या प्रत्येक टप्प्यावर शिवारातल्या उसाचे क्षेत्र हलले. भारी जमिनीला उसाचे मोकाट पाणी वर्षानुवर्षे दिले आणि निचरा केला नाही, की तिचे चोपण होते. वर पांढरी खपली येते आणि खाली माती गोंदासारखी. आमच्याकडे पाणीच कमी म्हणून हे संकट सांगली-कोल्हापूरएवढे पसरले नाही. दुष्काळाचा असाही एक उपकार.

झाडांच्या बाबतीत लोक सर्वांत जास्त हौसेने चुकतात. खोल काळी जमीन म्हणजे उत्तम, मग आंबाही तिथेच. आंब्याला खाली निचरा लागतो. भारी काळीत त्याच्या मुळांना पावसाळ्यात श्वास मिळत नाही. केसर आंबा मुरमावर, पोयट्याचा खड्डा भरून लावलेला, चांगला येतो. सीताफळ, बोर, चिंच यांना माळ पुरतो. बालाघाटच्या डोंगरउतारावर सीताफळ कोणी न लावता येते. मोसंबीला खालची चुनखडी सोसत नाही, पाने पिवळी पडतात आणि लोक खतावर खत देत राहतात. द्राक्षवाल्यांनी त्यातून वाट काढली ती डॉगरिजच्या खुंटावर कलम करून, म्हणजे जमीन बदलता येत नाही तर मुळे बदला. आणि बाभळीला काहीच सांगावे लागत नाही.

गाळाचे तसेच. 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजना आहे. तलावातला गाळ म्हणजे माळावरून वाहून आलेली बारीक माती. ती परत माळावर गेली तर एका पिढीत माळाचे रान होते. पण ट्रॅक्टर जिथे सहज जातो तिथे गाळ पडतो, आणि सहज जातो तो रस्त्याकाठच्या, आधीच भारी असलेल्या रानात. चिकणमातीत चिकणमाती घालून हाती येतो तो जास्त चिखल.

हे सगळे पाहायची एक सरकारी पद्धत आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती शेतकऱ्याच्या भल्यासाठी सुरू झालेली नव्हती. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पाहणी करून जी प्रतबंदी बसवली, ती 1847 च्या संयुक्त अहवालात पक्की झाली. मोजणीदार शेतात खड्डे घेई, मातीचा रंग पाही, खोली हाताने मोजी. पावणेदोन हात खोल काळी ती सोळा आणे. तिथून उतरत उतरत नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी साचणे यांना दोष म्हणत, आणि एकेका दोषाला शेत एकेक प्रत खाली जाई. बार्शी इंग्रजांकडे आणि धाराशिव निजामाकडे, पण हैदराबाद संस्थानानेही सालारजंगांच्या काळात मोजणीचा हाच घाट उचलला. हेतू साऱ्याचा होता. तरीही प्रत्येक शेताच्या वेगवेगळ्या भागांत कोणीतरी प्रत्यक्ष खणून पाहिले होते, असे त्यानंतर पुन्हा घडलेले नाही. पुढे सारा नगण्य झाला आणि त्याच्याबरोबर खड्डाही गेला. सातबाऱ्यावर आता उरला आहे तो आकार आणि पोटखराबा.

19 फेब्रुवारी 2015 ला मृदा आरोग्य पत्रिका आली. तिच्यावर बारा आकडे असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता, कर्ब. खोलीचा रकाना नाही. चिकणमाती किती, हाही नाही. इथे एका शब्दाने बराच घोळ केला आहे. शेतकरी 'जमिनीचा पोत गेला' म्हणतो तेव्हा त्याला कस म्हणायचा असतो. मृदाशास्त्राच्या मराठी पुस्तकात पोत म्हणजे वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे प्रमाण. पहिला पोत दहा वर्षांत बिघडतो किंवा सुधारतो. दुसरा माणसाच्या हयातीत बदलत नाही. पत्रिका पहिल्याची खबर देते, आणि पीक, झाड, घर यांचे मोठे निर्णय दुसऱ्यावर लटकलेले असतात. या पुस्तकात मी पोत हा शब्द दुसऱ्या अर्थाने वापरला आहे. कसाला कस म्हटले आहे.

बांधकामाचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब झाले. मामाच्या घरामुळे झाले, हे कबूल. पण त्याआधी तेरचा एक कुंभार सांगायला हवा.

गोरोबाकाकांची गोष्ट मराठी माणसाला सांगायची गरज नाही: नामस्मरणाच्या तंद्रीत चिखल तुडवताना तान्हे मूल पायाखाली आले, आणि संतांच्या मेळ्यात थापटणे घेऊन डोकी तपासताना नामदेव कच्चे ठरले. परंपरेने त्यांची समाधी 1317 ची मानतात. या कथांकडे मी कारागिराच्या बाजूने पाहतो. चिखल एवढा का तुडवायचा? कारण निव्वळ काळ्या चिकणमातीचे मडके उन्हात वाळतानाच तडकते. तिच्यात लीद, राख, बारीक वाळू मिसळून तिचा आक्रसण्याचा स्वभाव मोडावा लागतो, आणि तो तुडवूनच मोडतो. तेरच्या प्राचीन मंदिरांच्या विटांत भुसा मिसळून भाजला, तो जळून पोकळ्या राहिल्या, आणि त्यातल्या काही विटा पाण्यावर तरंगतात. हे पाहायला लोक हौसेने जातात. काळ्या मातीशी झगडणारा पहिला अभियंता आमच्याकडे कुंभार होता, आणि त्याने ती जिंकली ती दुसरे काहीतरी मिसळून.

घर बांधणाऱ्यांनी दुसरी वाट धरली, काळी टाळायची. दगडाची जाड भिंत, मातीचा गारा, वर लाकडी तुळया-सऱ्यांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. पांढरी माती पावसात फुगत नाही, गळत नाही, तिच्यावर गवत फारसे उगवत नाही. उन्हाळ्यात खाली गारवा. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला नवा थर. या घरांचे गोडवे गाणारे लेख मी वाचले आहेत, एखादा लिहिलाही असेल. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला, सुमारे 6.2 क्षमतेचा. किल्लारी तेरणेच्याच काठावर, आमच्यापासून खाली. मातीत बसवलेले गोटे सुटले आणि माळवदे खाली आली. फूटभर जाडीच्या मातीचे वजन चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो भरते. दहा बाय पंधराच्या एका खणाच्या डोक्यावर सहा-सात टन. अनेक घरांवर माती फुटाहून जास्त होती, कारण दर वर्षीचा थर वर चढत गेला होता, खाली कोणी काढला नव्हता. हजारो माणसे गेली.

म्हणून काळी-पांढरीच्या शहाणपणाला मी डोळे झाकून नमस्कार करत नाही. ते शहाणपण पाऊस आणि ऊन यांच्याशी दर वर्षी झालेल्या गाठीतून आले होते. जी गोष्ट अनेक पिढ्यांत एकदा येते तिची आठवण मातीच्या नावांत राहत नाही. भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी उठून गेली. ती जुन्या पांढरीवर बसली नाहीत, संपादित केलेल्या शेतजमिनीवर बसली.

आज तर भूकंपाशिवायच पांढरी काळीत उतरते आहे. महसूल कायद्यातल्या अलीकडच्या दुरुस्तीने गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला राहण्यासाठी अकृषिक परवानगीचा मोठा फेरा उरला नाही. लोकांची सोय झाली, हे खरेच. कायदा मीटर मोजतो. त्या दोनशे मीटरांत मुरूम किती खोल आहे हे मोजायचे काम कोणाकडेच नाही. प्लॉट पाडणारा दगड रोवतो, घेणारा रस्ता पाहतो, कर्ज देणारी बँक कागद पाहते.

काळीत घर बांधताच येत नाही, असे मात्र नाही. माती घराखाली कशी वागते ते समजून घ्यावे लागते. घराच्या मधोमध जमिनीवर ऊन पडत नाही, तिथली ओल टिकते आणि जमीन फुगलेली राहते. कडेची जमीन उन्हाळ्यात सुकून खाली बसते, पावसाळ्यात वर येते. घर असे वर्षातून दोनदा वाकते, आणि सर्वांत कमजोर जागी, म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यात, फुटते. भारतातल्या काळ्या मातीत ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोचते असे बांधकामशास्त्र धरते. मुरूम चार-पाच फुटांवर असेल तर पाया तिथे न्यायचा, वाद संपला. तो फार खोल असेल तर रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असे अंडर-रीम्ड पाइल घ्यायचे आणि तुळई जमिनीपासून किंचित उचलून ठेवायची, म्हणजे माती खालून रेटली तरी तिला लागणार नाही. मुंबई आयआयटीच्या आर. के. कट्टी यांनी तिसरी गोष्ट दाखवली: फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा मीटरभर थर दाबून बसवला की खालचा फुगवटा बराच आवरतो. कालव्यांच्या कामात ती वापरली गेली. आमचे गवंडी काळी काढून मुरूम भरतात, ते याच जातीचे काम. फक्त तो थर बहुधा मीटरभर नसतो, वीतभर असतो.

बाकीच्या गोष्टी स्वस्त आहेत. जोत्यात काळी माती भरू नये. घराभोवती चार फूट फरशी करून पाणी बाहेर काढावे. मोरीचे पाणी भिंतीलगत सोडू नये, शोषखड्डा लांब घ्यावा. आणि भिंतीपासून आठ-दहा फुटांवर पिंपळ-वडाच्या जातीचे झाड लावू नये. उन्हाळ्यात त्याची मुळे पायाखालची ओल ओढतात आणि तो कोपरा बसतो. मामाच्या घराच्या नैर्ऋत्येला उंबर होता. मामीचा दिशेचा संशय अगदीच वाया गेला नव्हता.

या पुस्तकाची प्रकरणे कुठूनही वाचता येतील, पण दुसरे आधी वाचा. त्यात खड्डा कसा घ्यायचा ते आहे. लागते काय, तर पहार, फावडे, पाण्याची बाटली, औषधाच्या दुकानातून आणलेले थोडे सौम्य आम्ल, आणि अर्धा दिवस. खणताना दर वीतभर थांबायचे. माती ओली करून बोटांत वळायची. लांब, चकचकीत फीत निघाली तर चिकणमाती जास्त. आम्लाचा थेंब टाकला आणि फसफसले तर चुना. ढेकळाच्या बाजू घासून गुळगुळीत झालेल्या दिसल्या तर ती जमीन आतल्या आत सरकते आहे, तिथे घराचा विचार दोनदा करायचा. मुरूम लागला की खोली लिहून ठेवायची, आणि पुढच्या कोपऱ्यात दुसरा खड्डा घ्यायचा, कारण एकाच एकरात तीन फुटांचा फरक मी पाहिला आहे.

गेल्या एप्रिलमध्ये मामेभावाबरोबर मीही असा एक खड्डा घेतला, मामाच्या घराच्या मागे, किल्ल्या पडल्या होत्या त्या अंदाजाने. वरची वीतभर माती दाणेदार, पायाखाली चुरचुरणारी. त्याखाली पाचरीच्या आकाराची कठीण ढेकळे, बाजू आरशासारख्या घासलेल्या. चार फुटांवर चुनखडीचे पांढरे खडे दिसू लागले, सहाव्या फुटाला रंग पिवळट झाला. मुरूम आठ फुटांवर लागला. घराचा पाया तीन फूट आहे. किल्ल्या काही सापडल्या नाहीत.